वेगळी चूल

आमच्या शहरातले फायरफायटर नगरपालिकेच्या आरोग्य विम्यातून बाहेर पडून युनियनच्या विम्यात जाणार आहेत आणि ते सगळं काम माझ्या टेबलावरून होणार आहे, हे मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बंबवाले वेगळी चूल मांडणार म्हण की." तेव्हापासून घरात या कामाला तेच नाव पडलं. संध्याकाळी नवरा विचारायचा, "चुलीचं कुठवर आलं?" आणि पुढचे चौदा महिने मी त्याला रोज काहीतरी सांगत राहिले.

मी कॅलिफोर्नियात, सेंट्रल व्हॅलीतल्या एका मध्यम आकाराच्या शहराच्या नगरपालिकेत नोकरी करते. कर्मचाऱ्यांचा विमा, पेन्शन, रजा हे सगळं पाहणाऱ्या विभागात. माझं बालपण भायखळ्यात गेलं, मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. बंबाची घंटा ऐकली की आम्ही पोरं गॅलरीत धावायचो. म्हणून असेल, पण ऑफिसात हे काम कोण घेणार असं विचारल्यावर मी हात वर केला.

तिकडच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते, कारण अमेरिकेत नोकरी आणि आजारपण यांची गाठ का बांधलेली आहे हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. कामगार तर हवेच होते. मग पगाराऐवजी विम्याची हप्तेभरणी देऊन मालक माणसं ओढू लागले, आणि विमा हा पगारात धरायचा नाही अशी मुभा मिळाली. पुढे १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता करमुक्त असल्याचं पक्कं केलं. तेव्हा पडलेली ती रीत आजही चालू आहे. नोकरी बदलली की डॉक्टर बदलतो. आणि नोकरी तीच राहून नुसता विमा बदलला, तरीही डॉक्टर बदलू शकतो.

आमच्या शहराचा विमा कुठल्या विमा कंपनीचा नव्हताच. कार्डावर एका मोठ्या कंपनीचं नाव होतं, पण ती फक्त टीपीए. तिकडे मेडिक्लेममुळे हा शब्द घरोघरी माहीत झाला आहे: कागद तपासणारी, बिल मंजूर करणारी कंपनी. पैसे जायचे ते शहराच्या स्वतःच्या निधीतून. शहर आणि कर्मचारी दोघांचा वाटा दरमहा त्या निधीत जमा होई आणि आजारी पडेल त्याचं बिल त्यातून भागे. थेट एकत्र कुटुंबाचा खर्च. ग्रंथालयातल्या बाई, उद्यानातले माळी, सांडपाणी प्रकल्पातले ऑपरेटर, पोलिस, फायरफायटर, सगळे एका ताटात.

फायरफायटरांना त्यातून बाहेर का पडायचं होतं? युनियनच्या पत्रात प्रीमियमची वाढ, डिडक्टिबल, म्हणजे विम्याचे पैसे सुरू होण्याआधी दरवर्षी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, दुप्पट होणं, डॉक्टरांच्या यादीतून एक मोठं हॉस्पिटल गळणं अशी कारणं होती आणि ती खरीच होती. पण मी जेव्हा पहिल्यांदा एका स्टेशनच्या स्वयंपाकघरात बसले, तेव्हा तिथल्या कॅप्टनने पत्र बाजूला ठेवलं आणि टेबलाभोवतीच्या खुर्च्या मोजायला लावल्या. "या टेबलावर मी वीस वर्षं जेवतोय," तो म्हणाला. "तीन खुर्च्या कॅन्सरने रिकाम्या केल्या. आणि दरवर्षी आम्ही शहराला सांगतो, तपासण्या लवकर सुरू करा. दरवर्षी उत्तर येतं की योजना सगळ्यांसाठी एकच आहे."

त्याचं म्हणणं वाऱ्यावरचं नव्हतं. सॅन फ्रान्सिस्को, शिकागो आणि फिलाडेल्फिया इथल्या सुमारे ३०,००० फायरफायटरांच्या नोंदी तपासणारा अमेरिकी केंद्र सरकारच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. इतर लोकांच्या तुलनेत त्यांच्यात कॅन्सरचं निदान ९ टक्क्यांनी आणि कॅन्सरने मृत्यू १४ टक्क्यांनी जास्त आढळले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने फायरफायटरचं काम हेच कॅन्सरचं निश्चित कारण असलेल्या पहिल्या गटात टाकलं. आजची घरं फोम, प्लॅस्टिक, कृत्रिम धाग्यांनी भरलेली असतात, आणि ते जळताना निघणारी काजळी मानेच्या, जबड्याच्या, मनगटाच्या कातडीवर बसते. कॅलिफोर्नियात कायदाही आहे: फायरफायटरला कॅन्सर झाला तर तो नोकरीतूनच झाला असं आधी गृहीत धरायचं, आणि खर्च कामगार भरपाईतून करायचा. निवृत्तीनंतर हे संरक्षण सेवेच्या प्रत्येक वर्षामागे तीन महिने या हिशेबाने, जास्तीत जास्त १२० महिने टिकतं. पण बाराव्या वर्षी उगवलेल्या गाठीला हा कायदा उपयोगाचा नाही. तिथे आरोग्य विमाच काय तो आधार.

मला हे सगळं पटत होतं. तरीही मी सुरुवातीला या स्थलांतराच्या विरोधात होते आणि तसं मी लेखी दिलं होतं. कारण मी आकडे रोज पाहत होते. आमचे फायरफायटर सरासरीने तरुण होते, फिट होते, त्यांची बायकामुलं तरुण होती. एकत्र कुटुंबातले कमावते धाकटे भाऊ वेगळे निघाले की मागे कोण उरतं? म्हातारे, आजारी, आणि तेवढंच भाडं. विमागणितज्ञाने, म्हणजे अॅक्च्युअरीने, हेच सांगितलं: हे गेले की उरलेल्यांचा माणशी खर्च वाढेल. दुसरी भीती उलट बाजूची. फायरफायटरांच्या चारशे कुटुंबांचा निधी म्हणजे लहान होडी. २०१९ साली बाजारात आलेल्या एका जनुकीय औषधाच्या एकाच डोसाची किंमत २१ लाख डॉलरच्या वर आहे. ते औषध लागणारं एक बाळ जन्माला आलं तर शहराचा मोठा निधी हलेल पण तरेल. चारशे जणांची होडी? त्यासाठी वरच्या थराचा विमा घ्यावा लागतो, ज्याला इथे स्टॉप-लॉस म्हणतात: एका माणसावर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च झाला तर वरचा भार ती कंपनी उचलते. पण तीच कंपनी पुढच्या वर्षी त्या बाळाकडे बोट दाखवून दर वाढवते.

शहराच्या वित्त विभागाला मात्र हा प्रस्ताव आवडला होता, आणि का ते समजायला वेळ लागला नाही. नव्या करारानुसार शहर दर फायरफायटरमागे दरमहा एक ठरलेली रक्कम युनियनच्या विम्याचा निधी सांभाळणाऱ्या ट्रस्टला देणार आणि मोकळं होणार. आजवर खर्च वाढला की वाढीचा मोठा वाटा शहराच्या अंगावर येई. आता ती जोखीम युनियनच्या खांद्यावर जाणार होती. वाटाघाटीच्या टेबलावर मी हे युनियनच्या लोकांसमोर उघड बोलले. माझ्या वरिष्ठांना ते आवडलं नसावं. पण ज्याच्या डोक्यावर ओझं ठेवायचं त्याला त्याचं वजन सांगायला नको? युनियनचा खजिनदार, स्वतः अजून बंबावर ड्युटी करणारा माणूस, शांतपणे म्हणाला, "माहीत आहे. पण निदान तपासणी कधी करायची ते आम्ही ठरवू."

कायद्याचा भाग थोडक्यात उरकते. खासगी उद्योगांत युनियनच्या अशा निधीवर १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यामुळे मालक आणि कामगार यांचे समसमान विश्वस्त असावे लागतात, आणि विमा योजनांवर १९७४ चा एरिसा हा कायदा चालतो. नगरपालिकांना पहिला लागू नाही आणि सरकारी योजना दुसऱ्यातून वगळलेल्या आहेत. त्यामुळे तयार साचा नव्हता. वकिलांनी ट्रस्टचा करार लिहायला चार महिने घेतले. शेवटी विश्वस्त सगळे युनियनचे राहिले आणि शहराला वर्षातून एकदा तपासलेले हिशेब पाहण्याचा हक्क मिळाला.

खरं भांडण लागलं ते वाटणीवरून, आणि वाटणी म्हटल्यावर ते व्हायचंच. शहराच्या निधीत वर्षानुवर्षांची शिल्लक होती. फायरफायटर म्हणाले, त्यात आमचाही घाम आहे, आमचा हिस्सा द्या. शहर म्हणालं, थांबा, तुमच्या जुन्या आजारपणांची बिलं अजून यायची आहेत. हे दुसरं म्हणणंही खरं होतं. जूनमध्ये झालेल्या ऑपरेशनचं बिल ऑक्टोबरात येतं, कधी पुढच्या मार्चमध्ये. घडून गेलेला पण दारात न आलेला खर्च. तो किती असेल याचा अंदाज दोन अॅक्च्युअरींनी दोन वेगवेगळे दिले. पाच महिने त्यात गेले. मग ठरलं की जुनी बिलं पुढचे बारा महिने शहर भागवेल, आणि त्यानंतर उरलेल्यातला ठरलेला वाटा ट्रस्टकडे जाईल. नव्या ट्रस्टने सुरुवातीच्या राखीव रकमेसाठी सदस्यांकडून सहा महिने जादा वर्गणी घ्यायचं ठरवलं. ते मताला टाकलं आणि सभासदांनी मान्य केलं. स्थलांतराची तारीख १ जुलै, कारण शहराचं आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं.

त्या तारखेने मला फार छळलं. डिडक्टिबल कॅलेंडर वर्षाचं असतं. म्हणजे जानेवारी ते जून ज्याने आपल्या खिशातून दीड हजार डॉलर भरून आपला उंबरठा ओलांडला होता, त्याला जुलैत नव्या विम्यात पुन्हा शून्यापासून भरायला लावायचं का? ट्रस्ट म्हणाला, नाही, जुनं भरलेलं आम्ही धरू. हे ऐकून स्टेशनांत टाळ्या पडल्या. पण कोणी किती भरलंय याची फाइल जुन्या टीपीएकडून यायला हवी होती, आणि निघून चाललेल्या ग्राहकासाठी धावपळ करायला कोणाला उत्साह असतो? मी दर सोमवारी फोन केला. दर सोमवारी पुढच्या शुक्रवारची कबुली मिळाली.

दरम्यान सभासदांना समजावायचं होतं. आमच्याकडे फायरफायटरांची ड्युटी सलग ४८ तास आणि मग ९६ तास सुट्टी अशी असते, ए, बी, सी अशा तीन पाळ्या. म्हणजे एका स्टेशनातल्या सगळ्यांना भेटायचं तर सहा दिवसांत तीन फेऱ्या. मी अकरा स्टेशनं केली. ऑफिसात बोलावलं असतं तर निम्मे आले नसते, आणि माझं ठाम मत आहे की असली कामं माणसं जिथे जेवतात तिथे जाऊनच करावीत. जेवताना माणूस खरा प्रश्न विचारतो. सभागृहात हात वर करून कोणी विचारत नाही की माझ्या बायकोचं नैराश्याचं औषध नव्या यादीत आहे का. भांडी घासताना विचारतो.

एकदा बोलता बोलता मी त्यांना १४ एप्रिल १९४४ ची हकीकत सांगितली. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र होती, आग विझवायला गेलेल्या ६६ जवानांनी त्या स्फोटांत जीव गमावला, आणि म्हणून भारतभर त्या दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळतात. टेबलावरचं बोलणं थांबलं. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात कसा काय भरला, एवढंच एकाने विचारलं. तेवढ्यात घंटा झाली. मिनिटाच्या आत खुर्च्या रिकाम्या, गॅसवर उकळती मिरची-राजम्याची भाजी, आणि मी एकटी. गॅस बंद केला, झाकण ठेवलं, आणि पाऊण तास वाट पाहिली. परत आले तेव्हा त्यांच्या मानेवर काजळी होती. मी नायॉशच्या अभ्यासाचे आकडे दहा ठिकाणी दाखवले असतील. त्या दिवसानंतर ते दाखवताना माझा आवाज बदलला.

मे महिन्यात अर्ज भरून घ्यायचे होते, आणि नेमका डोंगरांत वणवा लागला. कॅलिफोर्नियात एका शहराचे बंब दुसऱ्याच्या मदतीला जातात. आमची दोन पथकं दोन आठवड्यांसाठी गेली. त्यातल्या बहुतेकांचे अर्ज राहिलेले. धुरात उभ्या माणसाला फोनवरून फॉर्म भरायला कसं सांगायचं? तेव्हा मला कळलं की घरोघरचा विमा खरं तर बायका सांभाळतात. मी बायकांची यादी केली, संध्याकाळी सात ते नऊ फोन लावले, आणि जन्मदाखले, लग्नाचे दाखले, सह्या सगळं तीन दिवसांत आलं. ज्या दोन घरांत बायको नव्हती तिथे एका जवानाची आई आणि दुसऱ्याची बहीण धावून आली.

निवृत्तांचा भाग मात्र असा भरभर उरकण्यासारखा नव्हता, आणि सगळ्यात जास्त झोप मी त्यावर घालवली. फायरफायटर पन्नाशीत निवृत्त होतो. गुडघे आणि पाठ त्याहून जास्त साथ देत नाहीत. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, मिळतो पासष्टाव्या वर्षी. मधली दहा-पंधरा वर्षं विमा हवाच, आणि नेमकी हीच वर्षं आजार बाहेर पडण्याची. शहराच्या योजनेत ते स्वतःचा हप्ता भरून राहू शकत होते. ट्रस्टने त्यांना घेतलं, पण पासष्टी ओलांडलेल्यांसाठी अट घातली: मेडिकेअरचे दोन्ही भाग, हॉस्पिटलचा आणि डॉक्टरांचा, असले पाहिजेत, मग ट्रस्ट वरचं भरेल.

अट वाजवी होती. पण ती लिहिणाऱ्याला एक जुनी गोष्ट माहीत नव्हती. राज्य आणि शहरांच्या नोकरांच्या पगारातून मेडिकेअरचा कर कापणं बंधनकारक झालं ते ३१ मार्च १९८६ नंतर लागलेल्यांसाठी. त्याआधी लागलेले आमचे कितीतरी जण आयुष्यभर तो कर न भरता निवृत्त झाले. दहा वर्षांचा कर भरलेला नसेल तर मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग फुकट मिळत नाही. बायकोच्या नोकरीवरून मिळाला तर मिळाला, नाहीतर दरमहा मोठा हप्ता भरून विकत घ्यायचा. मी तळघरातल्या जुन्या सेवापुस्तिका काढल्या. असे एकोणीस जण निघाले. सगळ्यात म्हातारे ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांना मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला १९८५ ची पगाराची पावती दाखवली, जपून ठेवलेली, आणि विचारलं, "मी तेव्हा काही चुकीचं केलं का?" मी म्हटलं, नाही हो, तेव्हा तो कर तुमच्याकडून कोणी मागितलाच नव्हता. पुढच्या बैठकीत मी ती पावती विश्वस्तांपुढे ठेवली. एकोणीस जणांसाठी करारात अपवाद लिहिला गेला. या सगळ्या कामात माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली गोष्ट मला विचाराल तर ती हीच.

पेन्शनमधून कापल्या जाणाऱ्या हप्त्याचाही गुंता होता. निवृत्त पोलिसांना आणि फायरफायटरांना आरोग्य विम्यासाठी पेन्शनमधून गेलेल्या रकमेपैकी वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत करसवलत मिळते, २००६ च्या कायद्याने. पूर्वी तो हप्ता पेन्शन कार्यालयाने थेट कापून भरावा लागे. ती सक्ती २०२२ च्या कायद्याने उठली. पण ऐंशीच्या घरातल्या माणसांना दरमहा चेक लिहायला लावणं मला बरं वाटेना. पेन्शन कार्यालयाशी पत्रव्यवहार करून नव्या ट्रस्टच्या नावाने कापणी सुरू करून घेतली. त्यातून फक्त एक विधवा बाई सुटल्या, कारण त्यांची पेन्शन नवऱ्याच्या क्रमांकावर चालत होती. त्यांचा पहिला हप्ता चुकला असं दिसताच मी गाडी काढून त्यांच्या घरी गेले.

आता फाइल. माणसं एका विम्यातून दुसऱ्यात जातात म्हणजे प्रत्यक्षात एक मजकुराची फाइल इकडून तिकडे जाते. तिला सगळे ८३४ म्हणतात. विम्यातली नावनोंदणी पाठवायचा तो देशभरचा ठरलेला नमुना आहे. कोण सभासद, कोण बायको, कोण मूल, जन्मतारीख, कधीपासून. आम्ही चार वेळा चाचणी फाइल पाठवली. पहिल्या वेळी बाप आणि मुलगा एकाच नावाचे, दोघेही आमच्याकडे फायरफायटर, म्हणून एकच माणूस समजून एक गाळला गेला. दुसऱ्या वेळी जुळ्या बहिणींपैकी एक गाळली गेली, जन्मतारीख एकच म्हणून. चौथी फाइल स्वच्छ गेली. मी खूश झाले.

आणि इथेच माझी चूक झाली. कायद्याने मुलं २६ वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहतात. मूल कायमचं अपंग असेल तर त्यानंतरही राहू शकतं, पण त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. आमच्याकडे अशी चार मुलं होती, तीस-पस्तीस वर्षांची. त्यांची प्रमाणपत्रं जुन्या टीपीएच्या कपाटात होती. ८३४ मध्ये फक्त जन्मतारीख गेली. नव्या संगणकाने वय पाहिलं आणि चौघांनाही निमूटपणे वगळलं. फाइल "स्वच्छ" होती कारण वगळणं ही त्याच्या लेखी चूक नव्हती. मी पाठवलेल्यांची संख्या आणि पोचलेल्यांची संख्या ताडून पाहायला हवी होती. पाहिली नाही.

२ जुलैला सकाळी एका आईचा फोन आला. मुलगा तेहतीस वर्षांचा, फिट्स येतात, औषधाच्या दुकानाने सांगितलं की याचा विमा नाही. घरात दोन दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. पुढे ४ जुलैची सुट्टी, सगळं बंद. मी ट्रस्टच्या नव्या टीपीएला फोन लावला, तिथल्या बाईला सांगितलं की चूक माझ्याकडून झालीय आणि कागद यायला आठवडा लागेल, पण गोळ्या आज लागतील. तिने वरिष्ठांना विचारून हाताने नाव चढवलं. दुपारी चारला दुकानातून त्या आईचा फोन आला: मिळाल्या. मग मी बाकीच्या तिघांच्या घरी स्वतःहून फोन केले. त्यांना अजून कळलंही नव्हतं. त्या रात्री मी सगळ्या १,३०० नावांची यादी छापून घेतली आणि पट्टी ठेवून ओळ न् ओळ ताडली. त्यात आणखी एक बाळ सापडलं. ते २४ जूनला जन्मलं होतं, त्याचं नाव जुन्या विम्यात चढलं होतं आणि नव्यात नव्हतं.

पहिला आठवडा असाच गेला. आधीच्या मंजुऱ्या नव्या विम्याला आपोआप दिसत नाहीत. एका मुलीचा इन्सुलिन पंप जूनमध्ये मंजूर झालेला, पोचणार जुलैत. एका बाईला आठवा महिना होता आणि तिचे डॉक्टर नव्या यादीत नव्हते. या दुसऱ्या प्रकाराची तरतूद आम्ही आधीच करून ठेवली होती, बाळंतपण होईपर्यंत तेच डॉक्टर. पंपाची मंजुरी मात्र पुन्हा पहिल्यापासून मागावी लागली, अकरा दिवस गेले. डिडक्टिबलची ती फाइल अखेर २३ जुलैला आली. तोवर लोकांनी दोनदा पैसे भरले होते, आणि ते परत मिळेपर्यंत स्टेशनात जाताना मला अवघड व्हायचं.

एक गोष्ट मात्र बरोबर निघाली. आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं: "३० जूनच्या रात्री कोणीतरी हॉस्पिटलात असणारच. त्याचं कोण भरणार ते आत्ताच लिहून घे." मी करारात एक वाक्य घालून घेतलं होतं: दाखल होताना जो विमा चालू असेल तो घरी सोडेपर्यंतचा खर्च करेल. ३० जूनला रात्री साडेदहाला आमचा एक इंजिनियर, म्हणजे बंब चालवणारा, छातीत दुखतंय म्हणून दाखल झाला. ५ जुलैला घरी गेला. बिल ऑगस्टमध्ये आलं, दोन्ही टीपीएंनी ते एकमेकांकडे ढकललं, आणि मी दोघांना ते एक वाक्य पाठवलं. शहराने भरलं.

आता दोन वर्षं होत आली. ट्रस्टने पहिल्याच वर्षी काय केलं ते सांगायलाच हवं: चाळिशीच्या आतच कॅन्सरच्या तपासण्या, त्याही स्टेशनात फिरतं युनिट नेऊन, पाळीप्रमाणे, कुठलाही जादा खर्च न लावता. ज्या कॅप्टनने मला खुर्च्या मोजायला लावल्या होत्या, त्याच्या थायरॉइडमध्ये गाठ सापडली. लवकर सापडली. ऑपरेशन झालं, तो पुन्हा ड्युटीवर आहे. हे पाहिल्यावर मी माझं ते जुनं लेखी मत मागे घेऊ शकले असते. घेतलं नाही, कारण दुसरी बाजूही माझ्याच टेबलावर आली. उरलेल्यांचा हप्ता वाढला. गेल्या ऑक्टोबरात ग्रंथालयातल्या एका बाईंना मी नवा दर सांगितला तेव्हा त्यांनी कागदावर भागाकार मांडून पाहिला आणि मुलीला स्वतःच्या विम्यातून काढून कॉलेजच्या विम्यात घातलं. तिकडे ट्रस्टलाही आपली होडी लहान असल्याचं जाणवू लागलं आहे. स्टॉप-लॉसचा दर दुसऱ्या वर्षी चढला.

मार्चमध्ये उद्यान विभागाच्या युनियनचे दोघे माझ्याकडे आले. एकाच्या हातात टोपी होती, ती तो सारखी फिरवत होता. त्यांनी विचारलं, फायरफायटरांच्या ट्रस्टमध्ये आम्हाला घेतील का? मी खजिनदाराला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "किती जण आहेत? वयं काय आहेत? यादी पाठव, बैठकीत ठेवतो." आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग चूल मोठी लागेल."

यादी मी करतेय. २१४ नावं आहेत. या वेळी सव्विसाव्या वर्षापुढच्या मुलांचा रकाना मी पहिला भरला, आणि प्रमाणपत्रांच्या प्रती मागवल्या आहेत.